हाकणाऱ्याचं नाव

"म्हणजे शिक्षा गाडीला?" मोघेशास्त्र्यांनी तपकिरीची चिमूट नाकापर्यंत नेऊन थांबवली. "माणूस चाकाखाली मेला, म्हणून चाकाला धरलं?"

"चाकाला, गाडीला, कधी घोड्यालाही," आठल्येसाहेब म्हणाले. "ज्या वस्तूनं माणूस मेला ती वस्तू राजाकडे जमा व्हायची. राजानं ती देवाधर्माच्या कामी लावायची. डिओडँड म्हणजे देवाला द्यायची वस्तू. विलायतेत हा कायदा शेकडो वर्षं चालला."

"आणि यांना आपण शहाणे समजत होतो!" शास्त्री म्हणाले, आणि चिमूट एकदाची नाकात गेली.

मी फळ्यापाशी खडू घेऊन उभी होते. 'डिओडँड' लिहून झाला होता आणि त्याच्यापुढे मराठीत काय लिहायचं ते ठरेपर्यंत मला ताटकळणं भाग होतं. राज्याचा कारभार मराठीतून चालवायचा, असं सरकारनं नुकतंच मनावर घेतलं होतं. इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधायला ज्या समित्या नेमल्या, त्यांतली सगळ्यात दुर्लक्षित समिती आमची. आमच्या वाट्याला आले होते कायद्यातले आणि शास्त्रातले जुनेपुराणे इंग्रजी शब्द. खुद्द इंग्रजांनी जे शब्द टाकून दिले, त्यांना आम्ही पुण्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या हॉलमध्ये बसून मराठी कपडे शिवत होतो. तो कोश पुढे छापून निघाला. कोणी उघडून पाहिला असेल असं मला वाटत नाही.

समितीत माणसं तीन. अध्यक्ष आठल्येसाहेब, निवृत्त जिल्हा न्यायाधीश, हळू आणि नीट बोलणारे. संस्कृतचे मोघेशास्त्री, गोरेपान आणि गप्पिष्ट. त्यांचं पांढरंशुभ्र उपरणं त्यांना इतकं प्रिय होतं की मी फळा पुसायला घेतला की ते खुर्ची मागे सरकवत. तिसरे रसायनशास्त्राचे प्राध्यापक इनामती. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी त्यांची हरकत असे. आणि या तिघांचं टिपून घ्यायला टंकलेखिका, कुमारी अनुसया ह. पोवार, म्हणजे मी.

कामाची पद्धत ठरलेली होती. साहेबांनी अर्थ सांगायचा, शास्त्र्यांनी संस्कृतातून दोन-तीन शब्द काढायचे, इनामतींनी ते पाडायचे. मग साहेब चष्मा काढून माझ्याकडे वळत. "बोलीत काय, पोवारबाई?"

खेड्यातली मी एकटीच. गडहिंग्लजकडची. 'मायाझ्मा' म्हणजे रोगराई पसरवणारी दलदलीतली हवा, असा एक जुना शब्द निघाला होता. शास्त्र्यांनी त्याच्यावर तासभर व्याकरण चालवलं. शेवटी मी भीत भीत म्हटलं, "आमच्याकडे 'हवा बाधली' म्हणतात." साहेबांनी उठून माझ्या हातातला खडू घेतला आणि स्वतः लिहिलं. तेव्हापासून इनामती येईल त्याला सांगत, "ही आमची बोलीची खाण." टंकलेखिकेला कुठं कोण विचारतं? पण त्या हॉलमध्ये मला मान होता, आणि तो मला मनापासून आवडायचा.

ज्या शब्दावर एकमत होत नसे, तो चौकट करून फळ्यावर रात्रभर तसाच ठेवायचा. "मुरू दे," साहेब म्हणत. त्या मुरण्याचा त्रास मला. रात्रभर राहिलेला खडू कोरड्या फडक्यानं निघत नसे. सकाळी पाणी लावून घासावं लागे.

त्या दिवशी डिओडँडनंतर 'फ्लॉजिस्टन' निघाला. इनामती खुर्चीतून पुढे सरसावले.

"वस्तू जळते तेव्हा तिच्यातून एक तत्त्व निघून जातं, ते फ्लॉजिस्टन. म्हणजे असं मानत. प्रत्यक्षात तसं काही नव्हतंच."

"नव्हतं, तर त्याला नाव कशाला?" शास्त्र्यांनी विचारलं.

"शंभर वर्षं विद्वान माणसं ते आहे असं धरून चालली, म्हणून! माणसं जे धरून चालतात त्याला नाव लागतंच, शास्त्रीबुवा."

काम संपल्यावर शास्त्री उपरणं झटकत माझ्याजवळ आले. "पोवारबाई, हणमंतरावांना एकदा पुण्याला आणा. मुलीला इथं केवढा मान आहे ते बघू दे त्यांना."

मी हसले. माझ्या वडिलांचं नाव हणमंतराव, हे शास्त्र्यांनीच ठरवून टाकलं होतं. गडहिंग्लजकडे 'ह.' म्हणजे दुसरं काय असणार! मी ते दुरुस्त केलं नाही. 'ह.' म्हणजे हौसा. माझी आई.

शाळेत घालायला आईनं नेलं तेव्हा मास्तरांनी बापाचं नाव विचारलं. आई म्हणाली, "म्या हाय की." मास्तर भला माणूस. त्यानं नुसता 'ह.' लिहिला आणि पुढचं देवावर सोडलं. मी कुणाची, ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आई मालकांच्या गोठ्यात शेण काढायची. आमच्या घरावरून जाताना बायका माझ्या नाकाकडे आणि कपाळाकडे बघत. हे पुण्यात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कळलं असतं तर त्या हॉलमधली माझी जागा राहिली नसती. निदान मला तशी खात्री होती.

नोकरी लागल्यावर मी आईला पुण्यात माझ्यापाशी आणलं होतं. संध्याकाळी ती दाराशी गोधडी शिवत बसलेली असायची. मी चपला काढायच्या आत तिचा प्रश्न, "आज कुटला शब्द निगाला?" इंग्रजी शब्दांच्या गोष्टींची तिला भारी गोडी. गाडीला धरल्याची गोष्ट ऐकून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग सुई थांबवून म्हणाली, "आनि हाकणारा?"

"त्याचं काय?"

"गाडी काय आपसूक चालली व्हय? हाकणारा कोन व्हता?"

"ते नाही विचारलं मी."

"इचार की. गाडी धरली, न् हाकणारा घरी जाऊन जेवला आसंल."

तिनं ताट वाढलं. कारल्याची भाजी होती. "जरा उग्र झालंया," ती म्हणाली. आमच्या घरात कारलं कधी कडू नसायचं, उग्र असायचं. कडुलिंबाला आई नुसता लिंब म्हणायची. माझ्यासारख्या लेकराला आमच्या गावात 'कडू' म्हणत, म्हणून तो शब्द आईनं घरातून काढून टाकला होता.

माझा घास फिरत राहिला. दुसऱ्या दिवशीचे शब्द मी संध्याकाळीच टाइप केले होते. कायद्याचे शब्द साहेब विषयवार घेत. उद्याचा विषय होता कुटुंब आणि वारसा.

"उद्या जाऊ नये असं वाटतंय," मी म्हटलं.

"खाडा करू नगंस," आई म्हणाली. "मान हाय तिथं तुला."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तो शब्द आलाच.

"बास्टर्ड," साहेबांनी चष्मा नाकावर नीट केला. "आता ही शिवी झाली, पण कायद्यात हा साधा शब्द होता. जुन्या पुस्तकांत याच्यासाठी 'फिलियस नलियस' असं म्हणत. म्हणजे कुणाचाच नसलेला मुलगा. त्याला बाप नाही, आणि नवल म्हणजे कायद्याच्या नजरेत आईसुद्धा नाही. तो कुणाचा वारस नाही. जणू आपला आपणच उगवला."

"आमच्या फ्लॉजिस्टनच्या अगदी उलट," इनामती म्हणाले. "तिथं नसलेल्याला नाव, आणि इथं समोर असलेला माणूस कुणाचाच नाही."

शास्त्री खुशीत आले. "आपल्याकडे एवढी गरिबी नाही. आपल्या धर्मशास्त्रात बारा प्रकारचे पुत्र! लिहा पोवारबाई. कुमारिकेला झाला तो कानीन. गुपचूप झाला तो गूढज. नवरीबरोबर पोटातून आला तो सहोढ..."

मी लिहीत गेले. अक्षर चांगलं यावं म्हणून रोज जेवढं लक्ष देत होते, तेवढंच दिलं. तिघांकडे माझी पाठ होती, ते एक बरं होतं. इनामतींनी सगळे शब्द पाडले. सामान्य माणसाला समजेल असा शब्द हवा, म्हणाले.

"बोलीत काय, पोवारबाई?"

"माहीत नाही, साहेब."

"असं कसं होईल? खेड्यात याला शब्द असणारच."

"लाजू नका," शास्त्री मायेनं म्हणाले. "शब्दाला विटाळ नसतो, मुली. इथं सगळं शास्त्र आहे."

मी खोटा शब्द सांगू शकले असते. पण त्या क्षणी मला दुसरं काही सुचेचना. लहानपणापासून ज्या शब्दानं हाक मारली गेली, तोच हाताशी आला. मी लिहिलं, 'कडू'.

"कडू?" शास्त्र्यांनी मोठ्यानं वाचलं. "वा! बीजच कडू, म्हणून फळ कडू. काय नेमका शब्द आहे! यांना लग्नाकार्यात बोलावतात?"

"बोलावतात. पंगत उठल्यावर जेवायला."

"आणि सोयरीक?"

"कडूची कडूशी."

"पण ओळखायचं कसं?" इनामतींनी विचारलं.

"तोंडाकडे बघतात. नाक कुणाचं, कपाळ कुणाचं."

"तुम्ही पाहिलंय असं कुणी?"

"आमच्या गावात एक मुलगी होती," मी म्हटलं, आणि त्या मुलीपासून लांब जाऊन उभी राहिले.

"बाप कोण ते ठाऊक होतं?"

"सगळ्यांना."

"मग त्या बापाला बोलीत काय म्हणतात?" इनामती हरकत घेतल्यासारखे म्हणाले. "मुलाला शब्द आहे, तर बापालाही असेल."

"त्याला वेगळा शब्द नाही, सर. त्याला मालक म्हणतात."

शास्त्री खो खो हसले. साहेब हसले नाहीत.

"आणि आई?" शास्त्र्यांनी विचारलं.

"मालकांच्या गोठ्यात कामाला होती."

"हां. अशा बायका काही अजाण नसतात हो. त्यांना सगळं कळत असतं. काहीतरी पदरात पडेल म्हणून..."

"शास्त्रीबुवा," साहेब म्हणाले, "आपण कोशापुरतं बोलू."

"कोशापुरतंच बोलतोय. खोटं आहे का, विचारा यांना. काय, पोवारबाई?"

मी वळले नाही. फळ्यावरच्या माझ्याच अक्षराकडे बघत म्हटलं, "असेल."

लाज मला नवी नव्हती. पण तोवरची सगळी लाज लोकांनी दिलेली होती. ही पहिली, जी माझी मी मिळवली. आईचे शेणानं भेगाळलेले हात डोळ्यांसमोर आले आणि मी मान खाली घातली.

त्या शब्दावर एकमत झालं नाही. ग्रामीण आहे, पण नेमका आहे, असा वाद झाला. "राहू दे रात्रभर," साहेब म्हणाले. मी 'कडू'भोवती चौकट काढली.

संध्याकाळी आईनं विचारलं, "आज कुटला?"

"काही नाही. जुनेच."

आईला वाचता येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता येत होतं. तिनं शिवणं थांबवलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आपला निगाला व्हय?"

मी मान डोलावली.

"मंग काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. गावातल्या एका पोरीचं म्हणून."

"एका पोरीचं." आईनं दोरा दातानं तोडला. "त्या पोरीला आई व्हती का?"

"होती."

"तिचं काय सांगितलंस?"

मला खोटं बोलायचं होतं, पण आईपुढे ते कधी जमलं नाही. शास्त्र्यांचं वाक्य मी तिला जसंच्या तसं सांगितलं आणि त्यावर मी काय म्हटलं तेही सांगितलं.

"आसंल व्हय," आई म्हणाली. तिनं गोधडीची घडी घातली, भिंतीशी ठेवली आणि कणीक भिजवायला बसली. मी जेवले नाही. तिनंही आग्रह केला नाही, आणि त्यानं मला जास्त लागलं.

सकाळी मी डबा न घेताच निघाले. हॉलमध्ये पोचले तर तिघं आधीच येऊन बसलेले. चौकटीतला 'कडू' फळ्यावर होता. त्यावर अजून चर्चा व्हायची होती, म्हणून पुसायचा नव्हता. साहेब पुढचा शब्द सांगणार, एवढ्यात शिपाई दारात आला.

"बाई, तुमच्या आई आल्यात. डबा घेऊन."

मी उठेपर्यंत आई आत आली होती. धुवट हिरवं लुगडं, डोईवर पदर, हातात फडक्यात बांधलेला मोठा डबा. ती कधीच इथं आली नव्हती. मीच येऊ दिलं नव्हतं.

साहेब उभे राहिले. मोठ्या घरच्या बाईसाठी उठावं, तसे. "या, या. पोवारबाईंच्या आई का? बसा. हणमंतराव नाही आले?"

"कोन हणमंतराव?" आईनं विचारलं.

शास्त्र्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही, पोवारबाईंचे वडील..." साहेब अडखळले. "त्यांच्या नावात 'ह.' आहे ना, म्हणून..."

"त्यो व्हय? त्यो म्या." आई सहज बोलली. "माजं नाव हौसा. पोरीच्या नावाम्होरं म्याच हाय."

ती फळ्याखालच्या खुर्चीत बसली. तिच्या डोक्याच्या बरोबर वर चौकटीत तो शब्द होता. तिला वाचता येत नव्हतं. त्या तिघांना येत होतं. इनामतींनी आधी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग एकदम खिडकीबाहेर. साहेबांनी चष्मा काढून हातात धरला. शास्त्र्यांचा चेहरा उतरला होता. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. पण सगळ्यात वाईट हे की आई माझ्याकडे बघून हसत होती.

तिनं डबा उघडला. "दशम्या हायत. सगळ्यांस्नी पुरतील." कागदावर एकेक दशमी ठेवत ती टेबलाभोवती फिरली. शास्त्र्यांपाशी येऊन थांबली. "तुमीच का वो शास्त्रीबुवा? पोरगी लई सांगती तुमचं. दुधात मळल्यात, पान्याचा थेंब न्हाई. तुमास्नी चालत्यात."

शास्त्री बाहेर कुणाच्या हातचं खात नसत. त्यांनी दोन्ही हात पुढे करून दशमी घेतली. घास मोडला आणि तोंडात घातला. ते गप्प बसलेले मी प्रथमच पाहत होते.

आई परत खुर्चीत बसली. "सायेब, एक इचारू?"

"विचारा, बाई."

"त्या गाडीची गोस्ट पोरीनं सांगितली मला. मानूस मेला न् गाडीला धरलं, ती. तर म्या म्हनते, त्या गाडीचा हाकणारा कोन व्हता, त्येचं नाव तुमच्या बुकात लिवलंय का?"

साहेब आईकडे बघत होते. आयुष्यभर न्यायाच्या खुर्चीत बसलेला माणूस, पण नजर खाली गेली.

"माझ्या पुस्तकात तरी नाही, बाई. त्यात गाडीचं लिहिलेलं असतं. चाकाचं असतं. हाकणाऱ्याचं नाव नाही."

"आसं व्हय," आई म्हणाली. "ऱ्हाऊ द्या मंग."

तेवढ्यात शास्त्री उठले. खुर्ची सरकवत फळ्यापाशी गेले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि फळा पुसायला लागले. फडकं तिथंच खिळ्याला अडकवलेलं होतं, ते त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खडूची पूड त्यांच्या दंडावर, धोतरावर पडत होती. रात्रभर राहिलेला खडू तो. अक्षरं पुसट झाली, पण गेली नाहीत.

"आवो, आवो! उपरणं मळलं की!" आई लगबगीनं उठली. "पोरगी हाय न्हवं पुसायला!"

"असू दे, हौसाबाई," शास्त्री म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. "माझंच काम आहे ते."

आईनं फळ्याकडे निरखून पाहिलं. मग मला विचारलं, "काय लिवलं व्हतं गं?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. गावातली एक मुलगी, असं म्हणायला अजून जागा होती. कुणी काही म्हणालं नसतं. उलट त्या तिघांना सुटल्यासारखं झालं असतं.

"मी होते, आई," मी म्हटलं.

पुसट अक्षरांजवळ जाऊन आईनं त्यांवरून बोट फिरवलं आणि बोटाला काही लागलं का ते पाहिलं.

"आसं कोरड्यानं न्हाई निगायचं, शास्त्रीबुवा," ती म्हणाली. "सरा जरा." आणि साहेबांच्या टेबलावरचा तांब्या उचलून तिनं आपला पदर भिजवला.